वर्गणी, शब्द आणि खोडदच्या छत्र्या



दिवाळीचा फराळ संपला की आमच्या डॅलसमध्ये वादांचा हंगाम सुरू होतो. बाहेर जरा गारवा आलेला असतो, चकल्यांचा डबा तळाला गेलेला असतो, आणि रविवारी कुणाच्या तरी घरी दुसरा चहा झाला की विषय निघतो. यंदा निमित्त झालं १,२५० कोटी रुपयांचं.

एसकेए नावाची एक अवाढव्य रेडिओ दुर्बीण दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात उभी राहते आहे. तिचं मुख्य कार्यालय इंग्लंडमध्ये, जोड्रेल बँक इथे. तिच्यात सहभागी होण्यासाठी भारत सरकारने जानेवारी २०२४ मध्ये १,२५० कोटी रुपये मंजूर केल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी भारत रीतसर सदस्य झाला. आमचे एक मित्र (मोठ्या कंपनीत डायरेक्टर आहेत, नाव सांगत नाही, पुढच्या रविवारी चहा बंद व्हायचा) तावातावाने म्हणाले, "दुर्बीण आफ्रिकेत, ऑफिस इंग्लंडात आणि पैसे आपले! घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायचा धंदा आहे हा."

त्यावर वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आपले म्हणजे कुणाचे? तुम्ही तर तीस वर्षं टॅक्स इकडे भरताय!"

हशा झाला, विषय बदलला. पण मला तो प्रश्न काही सोडेना. कारण अशा सामाईक दुर्बिणी, सामाईक प्रयोगशाळा यांच्याशी माझा तिहेरी संबंध आहे. एक, मी राहतो तिथून पाऊण तासावर अशाच एका स्वप्नाचं थडगं आहे. दोन, मी इकडे टॅक्स भरतो. आणि तीन, माझं गाव नारायणगावच्या शेजारी आहे. तिसऱ्याबद्दल शेवटी सांगतो, कारण सगळ्यात जास्त टोचतं ते तेच.

आधी ते थडगं.

मी १९९६ साली एच-वनवर इथे आलो. टेलिकॉमची चलती होती. पहिल्या नोकरीत माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये एक अमेरिकन गृहस्थ बसायचे. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, फिजिक्समध्ये पीएचडी, आणि काम करायचे टेलिफोन स्विचच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग. भिंतीवर एक नकाशा लावलेला होता, त्यावर एक मोठी अंडाकृती रेघ. मला वाटलं, नवा रिंगरोड असेल. एकदा लंचला विचारलं, तर म्हणाले, "ती माझी आधीची नोकरी."

ती रेघ म्हणजे सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर, एसएससी. डॅलसच्या दक्षिणेला वॅक्साहाची नावाचं गाव आहे, त्या गावाभोवती जमिनीखाली ८७ किलोमीटर घेराचा बोगदा खणायचा आणि त्यात प्रोटॉनचे दोन झोत समोरासमोर आदळायचे. जिनिव्हाच्या ज्या यंत्राने २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडला त्याचा घेर २७ किलोमीटर. म्हणजे अमेरिकेचं यंत्र त्याच्या तिप्पट मोठं आणि ऊर्जाही जवळजवळ तिप्पट. १९८८ साली जागा ठरली. तेवीस-चोवीस किलोमीटर बोगदा खणून झाला. सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले. आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने प्रकल्प गुंडाळला. जवळजवळ दोन हजार माणसं घरी गेली. कुणी वॉल स्ट्रीटवर, कुणी टेलिकॉममध्ये. बोगद्याची तोंडं बुजवली, वरच्या इमारती बरीच वर्षं पडून राहून शेवटी एका रसायन कंपनीकडे गेल्या.

मी एकदा मुद्दाम बघून आलो. बघण्यासारखं काही नाही. गवत आहे, कुंपण आहे, सरळ रस्ता आहे. आपल्या पायाखाली वीसेक किलोमीटर रिकामा बोगदा आहे ही कल्पना करत उभं राहायचं, बस.

आता ही यंत्रं बंद का पडतात? आपण पटकन म्हणतो, पैसे संपले म्हणून. पण नीट पाहिलं तर तसं नाही.

एसएससीचा पहिला अंदाज होता ४.४ अब्ज डॉलरचा. १९९३ पर्यंत तो अकरा अब्जांच्या वर गेला. हे वाईटच. पण त्याच जून महिन्यातली एक गंमत सांगतो. २३ जून १९९३ ला प्रतिनिधिगृहात अंतराळ स्थानकाचा पैसा बंद करायचा की नाही यावर मतदान झालं. तेही बजेटच्या कितीतरी पुढे गेलेलं प्रकरण. ते वाचलं २१६ विरुद्ध २१५ मतांनी, एका मताने! दुसऱ्याच दिवशी एसएससीचं मतदान झालं आणि तो पडला २८० विरुद्ध १५० मतांनी. सीनेटने थोडी धुगधुगी दिली, पण ऑक्टोबरमध्ये कारभार आटोपला.

दोन्हींत फरक काय होता? बरेच होते, पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. अंतराळ स्थानकात कॅनडा, युरोप आणि जपान आधीपासून करार करून बसलेले होते आणि रशियाला आत घेण्याच्या वाटाघाटी चालू होत्या. ते मोडलं असतं तर चार ठिकाणी तोंड दाखवायला जागा राहिली नसती. एसएससी मात्र जन्माला आला तो अमेरिकेची मान उंच करायला. नंतर खर्च वाढल्यावर परदेशाकडे हात पसरले. आधी स्वतःच्या नावाची पाटी लावून घर बांधायला घ्यायचं आणि मग शेजाऱ्यांकडे विटा मागायच्या, तसलाच प्रकार. जपानचा होकार शेवटपर्यंत आला नाही. आणि ठोस शब्द देणाऱ्या मोजक्या देशांत कोण होतं माहीत आहे? भारत! पाच कोटी डॉलरच्या सहभागाचा. ही गोष्ट मला त्या शेजारच्या गृहस्थांनीच सांगितली. १९९१ साली ज्या देशाला सोनं गहाण टाकायला लागलं होतं, त्या देशाचा शब्द टेक्सासमधल्या यंत्राच्या वहीत लिहिलेला होता.

आता याचा आपल्या मंडळाशी संबंध जोडतो. (हसू नका. प्रत्येक गोष्टीचा मंडळाशी संबंध असतो.) काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका मंडळाने स्वतःचा हॉल घ्यायचं ठरवलं. गणपतीच्या आरतीनंतर माइकवर आकडे पुकारले गेले, टाळ्या झाल्या, जागेचा इसारा दिला गेला. पण शब्द होते ते दरवर्षी थोडे थोडे देण्याचे. दुसऱ्या वर्षी कमिटी बदलली. नव्या कमिटीला हॉल नको होता, शाळा हवी होती. तिसऱ्या वर्षी दोन मोठे देणगीदार कॅलिफोर्नियाला गेले. इसारा बुडाला. कुणीही लबाडी केली नाही, प्रत्येकाने आपापल्या वर्षी योग्य तेच केलं, आणि तरी हॉल झाला नाही.

एसएससीचं हेच झालं. दर वर्षी नव्याने मत द्यायचं, आणि यंत्र बांधायला दहा वर्षं लागणार. दहा वर्षांत पाच वेळा प्रतिनिधिगृहाच्या निवडणुका होतात. म्हणजे दहा वर्षं रोज सकाळी उठून "लग्न टिकवायचं का?" असं विचारण्यासारखं आहे. एखाद्या सकाळी उत्तर "नाही" येणारच.

जिनिव्हाच्या सर्नची गोष्ट याच्या उलट. १९५४ साली महायुद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या बारा युरोपीय देशांनी करार करून ती संस्था काढली. त्यात वर्गणीचा नियम असा की प्रत्येक देशाने आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात पैसे द्यायचे, मात्र सर्वसाधारणपणे कुणाचाही वाटा २५ टक्क्यांच्या वर जायचा नाही. आणि कौन्सिलमध्ये प्रत्येक देशाला एक मत. जर्मनी सगळ्यात जास्त भरतो, तरी मत एकच. यंत्र कुणाच्या मालकीचं नाही आणि सगळ्यांच्या मालकीचं आहे. कुणाला बाहेर पडायचं असेल तर पडता येतं, पण नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस दिल्यावरही पुढचं आर्थिक वर्ष संपेपर्यंत वर्गणी चुकत नाही.

म्हणून तिथे भांडणं झाली नाहीत असं समजू नका. युगोस्लाव्हिया १९६१ मध्ये पैशांअभावी बाहेर पडला. स्पेन १९६९ मध्ये गेला आणि १९८३ मध्ये परत आला. ऑस्ट्रियाने मे २००९ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं आणि देशात एवढा गदारोळ झाला की पंधरा दिवसांच्या आत चॅन्सेलरनी निर्णय फिरवला. १९९४ साली हिग्जवालं यंत्र, एलएचसी, मंजूर करताना ब्रिटन आणि जर्मनी अडून बसले की यंत्र ज्यांच्या अंगणात आहे त्या फ्रान्स आणि स्वित्झर्लंडने जास्त भरावं. त्यांनी भरलं. २००१ मध्ये खर्च वाढल्याचं उघड झालं तेव्हाही बोंबाबोंब झाली. पण त्या वेळी सर्नने काय केलं? २००२ च्या अखेरीला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेकडून ३० कोटी युरोचं कर्ज काढलं!

मॉर्गेज घेतलेल्या प्रत्येकाला यातली मेख कळेल. बँक तुमची अक्कल बघत नाही, पुढच्या वर्षी पगार येणार का ते बघते. सर्नला पगाराची खात्री होती, कारण वर्गणी कराराने बांधलेली होती. एसएससीला कुठल्या बँकेने कर्ज दिलं असतं?

आणि उपरोध बघा. ज्या अमेरिकेने दोन अब्ज डॉलर मातीत पुरले, तिने डिसेंबर १९९७ मध्ये जिनिव्हाच्या यंत्राला ५३ कोटी डॉलरची मदत देण्याचा करार केला. बैल गेला आणि झोपा केला. पण केला हेही खरं.

भारतानेही तिथे आपला वाटा उचलला. आपल्याकडे रोख परकीय चलन कमी, तेव्हा वर्गणी वस्तूंच्या रूपाने. बोगद्यातले चुंबक केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतराने सरकवून जागेवर आणण्यासाठी खास जॅक लागतात. तीस-पस्तीस टन वजनाच्या प्रत्येक मोठ्या चुंबकाखाली तीन. असे सात हजारांहून जास्त जॅक भारतात तयार होऊन गेले. इंदूरच्या आरआरकॅटने त्यात पुढाकार घेतला. या मालाची किंमत युरोपातल्या दराने धरायची आणि त्यातली निम्मी रक्कम एका निधीत ठेवून त्यातून भारतीय शास्त्रज्ञांचा तिथला खर्च भागवायचा, अशी व्यवस्था होती. मला ही हिशोबाची पद्धत फार आवडली. आपल्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या जॅकवर बसून आपलीच मुलं जिनिव्हाला शिकायला गेली म्हणा ना! पुढे जानेवारी २०१७ मध्ये भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला.

म्हणजे करार केला की सगळं आलबेल? तसंही नाही हो. आमच्या डायरेक्टर मित्रांच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत.

फ्रान्समध्ये इटर नावाचं यंत्र बांधलं जातं आहे, सूर्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर निर्माण करता येते का हे बघायला. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, कोरिया आणि भारत असे सात भागीदार. नोव्हेंबर २००६ मध्ये पॅरिसला सह्या झाल्या. बांधकामाच्या खर्चात युरोपचा वाटा सुमारे ४५ टक्के, बाकी सहांचा प्रत्येकी नऊ टक्के. ज्ञान मात्र सगळ्यांना शंभर टक्के. नऊ टक्के देऊन शंभर टक्के, सौदा वाईट नाही! पण वर्गणी बहुतेक वस्तूंच्या रूपाने. आणि प्रत्येकाला अवघड भाग आपल्या देशात बनवायचा, म्हणजे ते तंत्र आपल्या कारखान्यांना येईल. आमच्या पॉटलकसारखं. तीन जणी श्रीखंड आणतात आणि पुऱ्या कुणीच आणत नाही. वेगवेगळ्या देशांत बनलेले तुकडे एकमेकांत बसवताना सांध्यांच्या दुरुस्त्या निघाल्या. जुलै २०२४ मध्ये नवं वेळापत्रक आलं, आता खऱ्या संशोधनाची सुरुवात २०३४ मध्ये, आणि खर्चात आणखी पाच अब्ज युरोची भर.

भारताने मात्र आपला मोठा जिन्नस दिला. यंत्राला बाहेरून वेढणारं क्रायोस्टॅट नावाचं पोलादी भांडं, ३,८५० टनांचं. लार्सन अँड टुब्रोच्या हजिऱ्याच्या कारखान्यात त्याचे तुकडे बनले आणि बोटीने फ्रान्सला गेले. आणि अमेरिकेने? डिसेंबर २००७ मध्ये, करार अमलात येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा काँग्रेसने त्या वर्षाचे १६ कोटी डॉलर कापून सुमारे एक कोटीवर आणले. सही आहे, पण पाकीट रिकामं! पण यातली दुसरी बाजू सांगतो. अमेरिका बाहेर पडली नाही. पुढच्या वर्षांत पैसे पुन्हा सुरू झाले. युक्रेनच्या युद्धातही, नोव्हेंबर २०२२ मध्ये, रशियाने आपल्या वाट्याचं प्रचंड चुंबकी वेटोळं सेंट पीटर्सबर्गहून बोटीवर चढवलं. करार असला की यंत्र रडतखडत चालतं. नसला की वॅक्साहाची होतं. माझं मत एवढंच आहे. किती पैसे दिले याच्या आधी विचारावं, शब्द किती वर्षांचा दिला आणि तो कशाने बांधला.

गाव करी ते राव न करी, असं आपण म्हणतो. पण गावाने करायचं तर गावाची वही लागते.

हे सगळं आज का लिहितोय? कारण २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकन सरकारच्या पुढच्या वर्षाच्या बजेटच्या प्रस्तावात लायगोचे पैसे ४.८ कोटी डॉलरवरून २.९ कोटींवर आणायचं आणि दोनपैकी एक वेधशाळा बंद करायचं सुचवलं होतं. लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणारी यंत्रं, एक इथून दिवसभराच्या ड्राइव्हवर लुइझियानात, दुसरं पार वॉशिंग्टन राज्यात. २०१५ साली त्यांनी पहिल्यांदा लहर पकडली, २०१७ साली त्याला नोबेल मिळालं. नोबेल मिळालेल्या तिघांपैकी बॅरी बॅरिश हे एसएससीच्या एका डिटेक्टरचे प्रमुख होते. एसएससी बंद पडल्यावर १९९४ मध्ये त्यांनी लायगोची सूत्रं हाती घेतली. म्हणजे वॅक्साहाचीचं सगळंच काही गवताखाली गेलं नाही.

दोनातलं एक बंद करणं म्हणजे अर्धी बचत नव्हे. दोन ठिकाणी एकाच लहरीची खूण उमटली तरच ती खात्रीने आकाशातली, नाहीतर जवळून ट्रक गेला असेल. मी आयुष्यभर सिग्नल आणि नॉइज वेगळे करण्याचा पगार घेतला आहे, हे मला कुणी समजवायला नको. प्रस्ताव म्हणजे निर्णय नव्हे, पैशाचा शेवटचा शब्द काँग्रेसचा. म्हणून मी बसून माझ्या प्रतिनिधीला पत्र लिहिलं. त्यात हेही लिहिलं की या यंत्राचं तिसरं भावंड माझ्या महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. डिटेक्टरचे सुटे भाग अमेरिका देणार, जागा, इमारती, चालवण्याचा खर्च भारताचा. एप्रिल २०२३ मध्ये भारताच्या मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. लहर आकाशात नेमकी कुठून आली हे सांगायला दूरचं तिसरं यंत्र फार उपयोगाचं. ज्योतिर्लिंगाच्या गावाला ब्लॅक होल ऐकू येणार, अजून काय पाहिजे!

पत्र पाठवलं आणि त्याच रात्री, म्हणजे तिकडची सकाळ, मोठ्या उत्साहाने दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालतो.

आमच्या गावाकडच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहितो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. चौदा खोडदच्या आसपास दाटीने, सोळा तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. आमच्या घरात त्यांना "छत्र्या" म्हणतात. मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा त्या उभ्या राहत होत्या. गोविंद स्वरूप यांनी तारांच्या जाळीची स्वस्त आणि हलकी अँटेना कशी बांधायची याचं डोकं लढवलं. डोंगरांच्या आडोशाला असलेली, रेडिओच्या दृष्टीने शांत जागा म्हणून आमचा भाग निवडला. पैसा पूर्ण भारत सरकारचा. आणि २००२ पासून ती जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली आहे. कुठल्याही देशातल्या माणसाने प्रस्ताव पाठवावा, समितीला चांगला वाटला तर वेळ मिळतो, त्याचे पैसे नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं शियापरेल्ली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण आवाज खोडदने ऐकला. म्हणजे डायरेक्टरसाहेब, लष्कराच्या भाकऱ्या आपण फार आधीपासून भाजतोय. आणि त्या भाजल्या म्हणूनच एसकेएच्या पंगतीत पुण्याच्या एनसीआरएला मानाचं पान आहे.

हे सगळं मी दादाला सांगत होतो. लायगोला लिहिलेल्या पत्राचंही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चांगलं केलंस. आता आमच्या गाडीसाठी कधी लिहितोस?"

पुणे-नाशिक रेल्वे. गेली किती वर्षं आमच्या भागाने ऐकलेलं स्वप्न. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा मार्ग आखलेला होता. पण विजेवर चालणारी रेल्वे ही रेडिओ दुर्बिणीची वैरीण. वरच्या तारेला घासत जाताना ठिणग्या उडतात आणि त्या ठिणगीचा आवाज अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेल्या सिग्नलच्या डोक्यावर बसतो. रेल्वे मंत्रालयाने जीएमआरटीचं कारण सांगून तो मार्ग बाजूला ठेवला आणि अहिल्यानगर-शिर्डीवरून जाणारा मार्ग पुढे केला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरचे लोक चिडलेले आहेत. मार्ग थोडा वळवा, बोगद्यातून न्या, काहीही करा पण आमच्याकडून न्या, अशी मागणी आहे.

मी दादाला नॉइज समजावून सांगायला लागलो. तो म्हणाला, "अरे, मला कळतं ते. दरवर्षी फेब्रुवारीत सायन्सच्या प्रदर्शनाला पोरांना घेऊन मीच जातो. छत्र्या पाडा असं कोण म्हणतंय? आमच्या छत्र्या आहेत त्या. पण तू सांगतोस की सगळ्या देशांनी वर्गणी काढली पाहिजे. मग आमची गाडी गेली ती कुणाच्या वर्गणीत धरली?"

मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आत्ता विचार करून जे सुचलं ते मांडतो. पटलं नाही तर कळवा. सर्नच्या वेळी "अंगणातल्यांनी जास्त भरा" असं म्हणता आलं, कारण फ्रान्स आणि स्वित्झर्लंडला त्या अंगणातून कंत्राटं, नोकऱ्या, वस्ती असं बरंच मिळत होतं. खोडदच्या अंगणाला काय मिळालं? थोड्या नोकऱ्या, अभिमान आणि प्रदर्शन. दिलं काय? शांतता. शांतता म्हणजे न आलेले कारखाने आणि न आलेली गाडी. हा खर्च खराच आहे. फक्त तो कुठल्याही बजेटच्या पुस्तकात छापलेला नसतो, म्हणून सगळ्यांना दुर्बीण स्वस्त वाटते. बोगद्याने, वळणाने किंवा आणखी कशाने ती गाडी आमच्या भागातून नेता येत असेल, तर त्याचा जादा खर्च रेल्वेच्या खात्यात टाकून "परवडत नाही" म्हणू नये. तो दुर्बिणीच्या खात्यात मांडावा. म्हणजे विज्ञानाच्या बजेटमध्ये, सगळ्या देशाच्या डोक्यावर, केवळ तीन तालुक्यांच्या नव्हे. नेता येतच नसेल, तर त्याच खात्यातून रस्ते, कॉलेज, शीतगृह असं काहीतरी ठोस द्यावं, आणि तेही एका भाषणापुरतं नको. दुर्बीण जितकी वर्षं शांतता घेणार, तितकी वर्षं.

आणि हिंगोलीला तरी हे आधी करावं. औंढ्याला तर जमिनीचा हादरासुद्धा चालणार नाही. उद्या तिथे कुणी रस्ता मागेल, खाण मागेल, कारखाना मागेल. त्या वेळी "नाही" म्हणायची वेळ येणार हे आज माहीत आहे. मग आजच वहीत लिहून ठेवायला काय हरकत आहे?

वॅक्साहाचीला शब्द एका वर्षाचा होता म्हणून यंत्र गेलं. खोडदला यंत्र टिकलं, पण तिथल्या लोकांशी शब्दच कुणी केला नाही.

दादाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी दुसरं पत्र लिहायला घेतलं आहे. इथे मतदार म्हणून लिहिणं सोपं होतं. तिकडे मला मतच नाही, पासपोर्ट कधीचा बदलला. कुणाला लिहावं, कुठल्या हक्काने लिहावं, या विचारात पहिल्या ओळीवरच अडलोय. तुमच्यापैकी जुन्नर-संगमनेरकडचं कुणी असेल, किंवा रेल्वेच्या, सिग्नलिंगच्या क्षेत्रात असेल, तर कृपया मला लिहा. ठिणग्या कमी करायचे उपाय जगात कुठे कुठे केले आहेत हे तांत्रिक अंगाने मांडता आलं तर पत्राला वजन येईल. एकट्याच्या पत्रापेक्षा वीस इंजिनिअरांच्या सहीचं पत्र बरं.

आणि डायरेक्टरसाहेब, पुढच्या रविवारी चहाला येतोय. वर्गणीची वही घेऊन!

कळावे, लोभ असावा.

आपला,
डॅलसकर

ता. क. माझ्या त्या शेजारच्या क्युबिकलमधल्या गृहस्थांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. ४ जुलै २०१२ ला हिग्ज सापडल्याची बातमी आली, त्या दिवशी इथे सुट्टी, फटाक्यांची तयारी. मी त्यांना फोन करून अभिनंदन केलं. ते म्हणाले, "माझं कसलं? पण थँक यू." आणि थोडं थांबून म्हणाले, "सापडला ना, ते महत्त्वाचं."